चाकोरीबाहेरची कामवृत्ती आणि तीन पिढ्या

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी व्याख्यानमालेत ‘बदलते कुटुंब’ या विषयावर आमचे भाषण झाले. भाषण संपल्यावर प्रथेप्रमाणे श्रोत्यांच्या चिठ्ठ्या आल्या. त्यांत वहीच्या पानाची चौघडी केलेली एक चिठ्ठी होती. अक्षर जुन्या वळणाचे, बहुधा एखाद्या निवृत्त शिक्षकाचे असावे. मजकूर एवढाच होता : ‘माझा तिशीतला मुलगा म्हणतो की तो लग्न करणार नाही, कारण त्याच्या मनाची ओढ पुरुषांकडेच आहे. आमच्या काळी असे काही नव्हते. आमचे काय चुकले? लग्न करून दिल्यास सुधारेल काय?’ खाली सही नव्हती. आम्ही चिठ्ठी वाचली, अध्यक्षांकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि वेळ संपल्याचे सांगून ती खिशात घातली. वेळ संपली होती हे खरे. पण पाच मिनिटे मागितली असती तर अध्यक्षांनी नाही म्हटले नसते, हेही तितकेच खरे.

आजचे विवेचन म्हणजे त्या चिठ्ठीला उशिरा दिलेले उत्तर आहे. समोर तीन पिढ्यांची माणसे बसली आहेत. विषय अवघड आहे. परंतु न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांचा पायंडा पाडला तो केवळ सोप्या विषयांसाठी नव्हे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करू. स्त्रीपुरुषांचे परस्परांविषयीचे, विवाहात स्थिरावणारे आणि संततीकडे नेणारे आकर्षण ही समाजाने मळवलेली चाकोरी. तिच्या बाहेर जे जे पडते ते येथे अभिप्रेत आहे. पुरुषाला पुरुषाची वा स्त्रीला स्त्रीची ओढ असणे. एखाद्याला दोघांचीही असणे. कोणाचे मन एखाद्या विशिष्ट वस्त्रात वा वस्तूत गुंतणे. दुसऱ्या लिंगाचा वेष धारण करण्यात कोणाला सुख वाटणे. किंवा परस्परांच्या राजीखुशीने एकाने हुकमत गाजवावी व दुसऱ्याने ती मानावी, अशा खेळाची कोणाला आवड असणे. हे सारे प्रकार एकाच माळेचे मणी नव्हेत. पण बहुतेक घरांत त्यांना एकच शब्द लावला जातो, आणि तो म्हणजे ‘विकृती’. म्हणून त्यांचा एकत्र विचार करणे भाग आहे. जन्माने पुरुष गणलेल्या व्यक्तीला आपण स्त्री आहोत असे मनोमन वाटणे, किंवा याच्या उलट, हा प्रश्न मात्र वेगळा. तो कामवृत्तीचा नसून ‘मी कोण’ या जाणिवेचा आहे. त्याला स्वतंत्र व्याख्यान हवे.

आता चिठ्ठीतील पहिले विधान घेऊ : ‘आमच्या काळी असे काही नव्हते.’

हे विधान प्रामाणिक आहे, पण खरे नाही. वात्स्यायनाने कामसूत्रात चाकोरीबाहेरच्या अनेक प्रकारांची नोंद केली आहे. त्यांपैकी एका प्रकाराविषयी आचार्यांची मते एकमेकांना छेदतात असे सांगून त्याने निर्णय देशाचार आणि स्वतःची वृत्ती यांवर सोपवला. शास्त्रात वर्णन आहे म्हणून ती गोष्ट केलीच पाहिजे असे नव्हे, ही पुस्तीही त्याने जोडली. म्हणजे त्याने शिफारस केली नाही आणि आरडाओरडही केली नाही. पुढे इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता केली, ती १८६२ पासून लागू झाली, आणि तिच्या ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ असलेला संभोग गुन्हा ठरवला. ज्या गावात चोरच नाहीत तेथे कुलपे कोण विकत घेईल? गोष्ट होती म्हणूनच कायदा झाला.

मग नव्हते काय? नव्हते ते नाव. आपल्या आजोबांच्या पिढीत मोठ्या वाड्यांतून एखादा काका असा असे की ज्याने लग्न केले नाही आणि ज्याचा एक मित्र सणावाराला जेवायला असे. ‘त्याला संसाराची आवड नाही’ एवढ्यावर घरचे विषय मिटवीत. दोन शिक्षिका जन्मभर एका बिऱ्हाडात राहत. शेजारी त्यांना ‘मैत्रिणी’ म्हणत आणि पुढे विचारीत नसत. या न विचारण्यात एक प्रकारची माया होती, हे आम्ही नाकारीत नाही. जुन्या पिढीचा अलिखित नियम असा होता : असेल ते असो, त्याचा उच्चार करू नये.

परंतु त्या मौनाची किंमत कोणीतरी मोजतच होते. बहुतेक ‘काकां’ना अविवाहित राहण्याची मुभा मिळत नसे. त्यांची लग्ने लावून दिली जात, आणि एक परकी मुलगी त्या घरात येऊन वर्षानुवर्षे स्वतःलाच विचारीत राही की, आपल्यात काय कमी आहे? तिला उत्तर देणारे कोणी नव्हते, कारण त्या घरात प्रश्नालाच जागा नव्हती. मौनाने घराची अब्रू राखली असेल. दोन आयुष्ये मात्र राखली नाहीत.

या मौनाला महाराष्ट्रातच एका गृहस्थाने जाहीर आव्हान दिले, आणि तेही फार पूर्वी. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले, आणि १९५३ साली मृत्यूने गाठेपर्यंत ते चालवले. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली होती. पत्नी मालतीबाई यांच्या साथीने, पदराला खार लावून त्यांनी हा उद्योग केला. मासिकात वाचकांचे प्रश्न येत आणि रघुनाथराव त्यांना उत्तरे देत. आमच्यासारखे चिठ्ठी खिशात घालीत नसत. हस्तमैथुन, समलिंगी आकर्षण अशा विषयांवरच्या त्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बचावासाठी उभे राहिले बॅरिस्टर भीमराव आंबेडकर.

बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा आशय आजही ध्यानात घेण्याजोगा आहे. मासिक कामविषयक शिक्षणासाठीच वाहिलेले आहे. प्रश्न वाचकांनी विचारले आहेत. मग संपादकाने उत्तर देऊ नये तर काय करावे? लोकांच्या मनात विकृत कल्पना असतील तर त्या ज्ञानानेच दूर होतील, दडपून नव्हे. त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांचा आधार घेतला. न्यायालयाला ते पटले नाही. रघुनाथरावांना २०० रुपये दंड झाला. विधवाविवाह करून गावाचा बहिष्कार सोसलेल्या पित्याच्या वाट्याला अखेर भारतरत्न आले; पुत्राच्या वाट्याला खटले आले. एका पिढीचे बंड पचवून मान्यवर झालेला समाज पुढच्या पिढीचे बंड ओळखतोच असे नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट होते. रघुनाथराव १८८२ साली जन्मले, बाबासाहेब १८९१ साली. त्या दोघांनी जे विचार भर न्यायालयात मांडले, ते त्यांच्या नातवंडांच्या वयाच्या अनेकांना आज ऐकवत नाहीत. म्हणजे पिढी केवळ जन्मतारखेने ठरत नाही. कोणत्या प्रश्नाला आपण तोंड दिले आणि कोणत्या प्रश्नावर आपण दार लावून घेतले, यावरही ती ठरते.

आता दुसरा प्रश्न, आणि तो सर्वांत वेदनेचा : ‘आमचे काय चुकले?’

कर्व्यांच्या खटल्याच्या पुढच्याच वर्षी, १९३५ साली, एका अमेरिकन आईने जवळजवळ हाच प्रश्न व्हिएन्नाच्या डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांना पत्राने विचारला. फ्रॉइड यांनी उत्तरी कळवले की, मुलाची समलिंगी वृत्ती ही लाभाची गोष्ट नसली तरी तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नाही; ते व्यसन नव्हे, अधःपतन नव्हे, आणि त्याला रोग म्हणता येत नाही. ती बदलून देण्याचे आश्वासन त्यांनी दिले नाही. मुलगा दुःखी असेल, मनाच्या ओढाताणीने पिचला असेल, तर उपचाराने त्याला शांती मिळू शकेल, मग वृत्ती बदलो वा न बदलो, असे त्यांनी लिहिले.

फ्रॉइड यांच्या मागून येणाऱ्या डॉक्टरांनी मात्र अनेक वर्षे उलट दिशेने वाटचाल केली. त्याचे मूळ १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या क्राफ्ट-एबिंग यांच्या ग्रंथात आहे. चाकोरीबाहेरच्या कामवृत्तींची त्यांनी रोगांसारखी वर्गवारी केली आणि सामान्य वाचकाला कळू नयेत म्हणून काही भाग मुद्दाम लॅटिन भाषेत छापले. या लेखकाचा हेतू वाईट नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ज्याला तोवर पाप आणि गुन्हा म्हणत त्याला त्यांनी आजार म्हटले. तुरुंगाऐवजी दवाखाना दाखवला. ती त्या काळातली एक पायरीच होती. पण पायरीवरच बिऱ्हाड केले तर जिना चढून होत नाही.

पुढची पायरी चढायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. १९४८ साली पुरुषांविषयीचा आणि १९५३ साली स्त्रियांविषयीचा आल्फ्रेड किन्सी यांचा अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध झाला. त्यांच्या नमुन्याची निवड सदोष होती, त्यामुळे त्यांचे आकडे आज जसेच्या तसे कोणी घेत नाही. परंतु माणसे सरळ दोन कप्प्यांत बसत नाहीत, मधल्या छटा पुष्कळ आहेत, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त टिकला. १९७३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलिंगी वृत्ती रोगांच्या यादीतून काढली. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने तेच केले. २०१८ साली भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हा आजार नसल्याचे जाहीर निवेदन काढले. ही वृत्ती ‘बरी करून देतो’ म्हणणारे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले.

इतर वृत्तींविषयीही वैद्यकाची दृष्टी बदलली. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी सूची २०२२ पासून अमलात आली. तिच्यात विशिष्ट वस्तूंविषयीची कामासक्ती आणि राजीखुशीने चालणारा हुकमतीचा खेळ या गोष्टी रोग म्हणून उरलेल्या नाहीत. मात्र दुसऱ्याला चोरून पाहणे, नको असलेल्यासमोर अंगप्रदर्शन करणे, आणि सर्वांत गंभीर म्हणजे लहान मुलांविषयीची वासना, यांचे स्थान त्या सूचीत कायम आहे. हा फरक नीट पाहावा. वैद्यकाने ‘सर्व काही चालते’ असे म्हटलेले नाही. त्याने कसोटी बदलली. पूर्वीची कसोटी होती : हे चारचौघांसारखे आहे काय? आताची कसोटी आहे : यात सामील असणारे सज्ञान आहेत काय, राजी आहेत काय, आणि कोणाला इजा होते काय?

म्हणून त्या पित्याला आमचे उत्तर असे की, आपले काही चुकले नाही. लाड केल्याने मुलगा असा होत नाही आणि धाक दाखवल्याने होत नाही. आईच्या मायेने होत नाही आणि वडिलांच्या बदलीच्या नोकरीनेही होत नाही. आणि लग्न हा ज्याचा उपाय नाही त्यावर लग्न लावून दिले, तर एकाच्या दुःखाचे दोघांचे दुःख होते. औषध म्हणून कोणाची मुलगी आणू नये.

आता मूळ विषयाकडे वळू. एकाच घरातली, एकाच ताटात वाढलेली माणसे या बाबतीत इतका वेगळा विचार का करतात?

समाजशास्त्रज्ञ अशा फरकाचे तीन भाग पाडतात. पहिला वयाचा : माणूस वाढत्या वयात सावध होतो, मुलेबाळे झाली की अधिकच. दुसरा पिढीचा : विशीच्या सुमारास जो काळ पाहिला त्याचा ठसा जन्मभर राहतो. तिसरा काळाचा : वारा बदलला की तो सर्वांनाच लागतो, म्हाताऱ्यांनाही. या तिन्हींची फारकत करायला अनेक वर्षे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा लागतो. अमेरिकेत १९७२ पासून अशी एक पाहणी चालू आहे. समलिंगी संबंधांत ‘काहीही गैर नाही’ असे म्हणणारे प्रौढ तेथे १९७३ साली शेकडा ११ होते, २०१४ साली शेकडा ४९ झाले. गॅलप या संस्थेच्या पाहणीत समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता असावी असे म्हणणारे १९९६ साली शेकडा २७ होते, तर २०२१ साली शेकडा ७०. पंचवीस वर्षांत म्हातारी माणसे गेली आणि तरुण आले, एवढ्यानेच इतका फरक पडत नाही. चाळिशीत ‘नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळांनी पासष्टीत ‘हो’ म्हटले, असाच याचा अर्थ होतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असे आपण म्हणतो; येथे सुंभ शाबूत राहून पीळ सुटलेला दिसतो.

तो सुटतो कसा? उपदेशाने फारसा नाही. ओळखीने सुटतो. ‘तसली माणसे’ असे जोवर आपण म्हणतो तोवर मन घट्ट असते. त्या माणसांत आपला भाचा निघाला की ते हलते. शिवाय ती गोष्ट प्रथम कानावर कोठे पडली यालाही महत्त्व आहे. आजच्या साठीतल्या माणसाने हा विषय प्रथम शाळेच्या मागच्या बाकावरच्या चावट विनोदात ऐकला, किंवा वडिलांच्या दरडावणीत. त्याच्या मुलाने तो न्यायालयाच्या निकालात, वर्तमानपत्रात, पडद्यावर पाहिला. आपल्या मराठी लेखनातही हा प्रवास दिसतो. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले, तेव्हा स्त्रीवर प्रेम करणारी नायिका मराठी प्रेक्षकाला नवीन होती, आणि त्या नायिकेचा शेवट मृत्यूतच झाला. पंचवीस वर्षांनी, २००६ साली, सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी आली. तिच्यात एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण दोघांचेही प्रेम बसते आणि विरहही दोघांच्या वाट्याला येतो. एका पिढीत जो अपवाद म्हणून मरतो तो दुसऱ्या पिढीत बहिणीच्या बरोबरीने दुःख करू शकतो, हा बदल लहान नव्हे.

येथवर ऐकून काही ज्येष्ठ श्रोते म्हणतील की, हे सारे सैल सोडण्याचेच समर्थन झाले. नवी पिढी म्हणजे सगळे बांध फुटलेली पिढी, असे त्यांना वाटते. आमच्या मते या समजुतीतच खरी चूक आहे. नव्या पिढीने बांध फोडला नाही. तो उचलून दुसऱ्या जागी घातला. काही बाबतींत ती वडिलांपेक्षा सैल आहे, तर काही बाबतींत कितीतरी कडक.

उदाहरणासाठी आपल्याच इतिहासात जाऊ. १८६० च्या दंडसंहितेत मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे होते. १८९१ साली ते बारा करण्याचे विधेयक आले तेव्हा केवढा गहजब झाला! लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुढाऱ्यानेही परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये म्हणून त्याला विरोध केला. आगरकर दुसऱ्या बाजूला उभे होते. त्याआधी रखमाबाईंनी, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या मुलीने, नवऱ्याकडे नांदायला जाण्याचे नाकारले. तेव्हा १८८७ साली न्यायालयाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सुनावले होते. त्या रखमाबाई पुढे डॉक्टर झाल्या. तेव्हाच्या चाकोरीत बारा वर्षांची पत्नी बसत होती आणि राजीखुशीने एकत्र राहणारे दोन सज्ञान पुरुष बसत नव्हते. आज आपली सोवळ्यातली आजीसुद्धा बारा वर्षांच्या मुलीच्या संसाराची गोष्ट ऐकून शहारते. तिला कोणी आधुनिक म्हणत नाही. पण चाकोरी हलली ती तिच्याही पायाखालून हलली.

दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या त्याच पाहणीचे. विवाहापूर्वीच्या आणि समलिंगी संबंधांविषयी लोक सहिष्णु होत गेले, पण विवाहितांच्या बाहेरख्यालीपणात ‘काही गैर नाही’ म्हणणारे १९७३ साली शेकडा ४ होते, ते २०१२ साली शेकडा १ वर आले. म्हणजे फसवणुकीच्या बाबतीत नव्या काळाची माणसे अधिकच कडक झाली. जुना नियम होता : करा, पण बोलू नका. नवा नियम आहे : बोला, मग दोघे मिळून ठरवा, पण फसवू नका.

कायद्यातही हीच हालचाल दिसते, आणि आपल्याकडे तर ती एका मराठी घरातच पाहायला मिळते. यशवंतराव चंद्रचूड सरन्यायाधीश असताना १९८५ साली त्यांच्या पीठाने व्यभिचारासंबंधीचे ४९७ वे कलम वैध ठरवले. त्या कलमात पत्नी ही जणू पतीची मालमत्ता धरली होती. पतीची संमती असेल तर गुन्हा नाही, पत्नीच्या संमतीला किंमत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ज्या घटनापीठाने ते कलम रद्द केले, त्यात त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड बसले होते. त्याच महिन्याच्या ६ तारखेला, त्यांचा समावेश असलेल्या घटनापीठाने ३७७ व्या कलमातून सज्ञान व्यक्तींचे राजीखुशीचे खासगी संबंध वगळले होते. पित्याचा निकाल पुत्राने फिरवला. पण त्यासाठी पित्याचा अवमान करावा लागला नाही. आपल्या घरांतूनही हे जमावे.

कायद्याचा प्रवास सरळ झाला असे मात्र नाही. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २००९ साली दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली काढून घेतली होती. ज्या इंग्लंडने हे कलम आपल्याला दिले, तेथे वोल्फेंडन समितीने १९५७ साली सुधारणा सुचवली आणि ती कायद्यात यायला १९६७ उजाडले. आपल्याकडे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य करण्याचे नाकारले आणि तो प्रश्न संसदेकडे सोपवला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ वे कलमच वगळले गेले. तेव्हा सुक्याबरोबर ओलेही जळाले, कारण पुरुषावर होणाऱ्या जबरदस्तीसाठी त्या कलमाचा जो आधार होता तोही गेला. आणि पत्नीवरील बळजबरीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा जुना अपवाद याच संहितेत कायम ठेवला गेला. संमतीची कसोटी कायद्याने तत्त्व म्हणून स्वीकारली, पण ती सर्वत्र लावली नाही.

आता दोन्ही पिढ्यांना थोडे सांगायचे आहे.

तरुणांनो, तुमच्या आईवडिलांची पहिली प्रतिक्रिया म्हणजे त्यांचे अखेरचे मत नव्हे. स्वतःला समजून घ्यायला तुम्हाला पंधरा वर्षे मिळाली. त्यांना पंधरा मिनिटे मिळतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहापर्यंत त्यांनी शहाणे व्हावे अशी तुमची अपेक्षा असते. ‘लोक काय म्हणतील’ या त्यांच्या वाक्याच्या आड पुष्कळदा वेगळीच भीती असते : आमच्या मागे तुला कोण? आजारपणात कोण? ज्या देशात तुमच्या सोबतीला कायद्याचे नाव नाही तेथे ही भीती अनाठायी नव्हे. आणखी एक. जुन्या मौनातही एक शहाणपणाचा कण आहे. आपण कोणाबरोबर आयुष्य काढणार ही गोष्ट घरच्यांपासून लपवता येत नाही. लपवली तर फसवणूक होते. पण दाराआडच्या इतर आवडीनिवडी जोडीदाराला, आणि त्याही लग्नाआधी, सांगितल्या म्हणजे पुरे. त्यांची दवंडी पिटण्याची गरज नाही. खासगीपणाच्या हक्कात न सांगण्याचाही हक्क येतो.

ज्येष्ठांना सांगायचे ते असे की, न कळणे हा दोष नव्हे. न कळता निकाल देणे हा दोष. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यापुढे २०२१ साली दोन तरुणींचे प्रकरण आले. आपल्याला हा विषय पुरेसा समजलेला नाही, आपल्याही मनात समाजातले पूर्वग्रह आहेत, असे त्यांनी उघड मान्य केले. मग ते स्वतः मानसतज्ज्ञाकडे जाऊन बसले, शिकले, आणि त्यानंतर त्यांनी आदेश दिला. न्यायासनावर बसलेला मनुष्य विद्यार्थी होऊ शकतो, तर घरच्या ओसरीवर बसलेल्याला काय अडचण आहे?

आणि ज्येष्ठांतही सगळे केवळ न्याय देणारेच नाहीत, हे विसरू नये. या सभागृहात मागच्या रांगांत असाही कोणी बसला असेल, ज्याने चाळीस वर्षे संसार नीट केला, मुलांची शिक्षणे केली, आणि मनातली एक गोष्ट कोणालाही सांगितली नाही. त्याच्या शेजारी त्याची पत्नी असेल, जिने ती ओळखली आणि ती गप्प राहिली. मौनाच्या पिढीचे ओझे त्यांनीच वाहिले. तरुणांनी त्यांच्या पिढीला मागासलेली म्हणताना त्यांची आठवण ठेवावी.

त्या चिठ्ठीचे अज्ञात लेखक आज येथे असण्याचा संभव नाही. तरी हा ग्रंथ कधी त्यांच्या हाती पडलाच, तर आमचे उत्तर तीन वाक्यांत असे : आपल्या काळीही हे होते. आपले काही चुकले नाही. लग्नाने सुधारण्यासारखे यात काही नाही, कारण सुधारण्यासारखेच काही नाही. आणि चौथे वाक्य, जे आपण विचारले नव्हते : मुलाने ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगण्याआधी आपल्याला सांगितली असेल, तर आपले काहीतरी फार चांगले जमले आहे असे समजावे.